घराची फाईल आणि देण्यांची फाईल

आजचा विषय कायद्याचा आहे, पण आम्ही वकील म्हणून बोलणार नाही, वाचक म्हणून बोलणार आहोत. कादंबरीची समीक्षा होते, नाटकाची होते, मग कायद्याच्या कलमाची का होऊ नये? तोही मजकूरच आहे. त्यात कोणाचं म्हणणं आलंय आणि कोणाचं गाळलंय, हे बघता येतं. कादंबरी नाही पटली तर मिटून ठेवता येते. कलम मिटून ठेवता येत नाही, एवढाच फरक.

पनवेलहून रोह्याच्या गाडीत बसलात की सोमाटण्यानंतर रसायनी येतं. स्टेशनाच्या नावातच कारखाना आहे. पाताळगंगेच्या काठी केंद्र सरकारच्या हिंदुस्तान ऑरगॅनिक केमिकल्सचा कारखाना उभा राहिला. कंपनी १९६० सालची. इकडचे लोक नुसतं 'एचओसी' म्हणतात. कारखान्याबरोबर वसाहत आली, शाळा आली, मोहोपाड्याची बाजारपेठ वाढली. ज्यांच्या घरात कोणी एचओसीत होतं त्यांना विचारा, ते पत्ता सांगताना गावाचं नाव सांगत नाहीत, कॉलनीचं सांगतात.

मे २०१७ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने रसायनीतले न परवडणारे प्रकल्प बंद करायचा निर्णय घेतला. नायट्रोजन टेट्रॉक्साइडचा प्रकल्प तेवढा इस्रोकडे द्यायचा ठरला, कारण ते रॉकेटच्या इंधनाबरोबर लागतं. कंपनीची ४४२ एकर जमीन भारत पेट्रोलियमला ६१८.८० कोटी रुपयांना विकायची ठरली. या आणि सरकारने द्यायच्या पैशांतून कंपनीची देणी भागवायची, त्यात कर्मचाऱ्यांचे थकलेले पगार आणि वैधानिक देणीही आली. हे वाक्य लक्षात ठेवा, आम्ही परत त्याच्याकडे येणार आहोत.

आता नोकरी संपल्यावर कंपनीच्या घराचं काय होतं? एका ओळीत सांगायचं तर, घर सोडावं लागतं. तिथे राहायचा कायद्याने मिळालेला हक्क जवळजवळ नसतोच. आमच्याकडे येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना हे ऐकून धक्का बसतो. "तीस वर्षं राहिलोय, पगारातून भाडं कापलं जात होतं, मग आम्ही भाडेकरू नाही?" नाही. पगारपत्रकावर जे कापलं जात होतं त्याला बहुतेक ठिकाणी 'लायसन्स फी' म्हणतात, भाडं म्हणत नाहीत. वाटपाच्या पत्रात लिहिलेलं असतं की हे घर नोकरी असेपर्यंत वापरायला दिलं आहे. हा परवाना आहे, भाडेपट्टा नाही. नोकरी गेली की परवाना गेला.

या 'फी' शब्दापाशी थोडं थांबू. कंपनीच्या घरात राहणाऱ्याला घरभाडे भत्ता मिळत नाही. शेजारच्या टेबलावर बसणारा, स्वतःच्या घरातून येणारा माणूस तोच भत्ता दर महिन्याला उचलतो. म्हणजे कॉलनीतला माणूस घराचे पैसे दोनदा देतो. एकदा कापून घेतलेली लहानशी फी, आणि एकदा न मिळालेला भत्ता. दुसरी रक्कम पगारपत्रकावर कुठेच दिसत नाही, म्हणून ती कोणाच्या हिशेबात येत नाही. पुढे 'कंपनीने सवलतीत घर दिलं होतं' असं म्हणतात ते याच न दिसणाऱ्या आकड्याच्या जोरावर.

बरं, महाराष्ट्राच्या १९९९च्या भाडे नियंत्रण कायद्यात नोकरीच्या काळातल्या भाडेदारीसाठी वेगळं कलम आहे, बाविसावं. लेखी करार करून मालक आपल्या नोकराला घर देऊ शकतो, आणि नोकरी संपल्यावर घर सोडलं नाही तर नेहमीच्या दाव्याच्या रांगेत उभं न राहता सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाऊन ताबा मागू शकतो. भाडेकरू हा शब्द इथे आहे, पण त्या शब्दाबरोबर एरवी येणारं संरक्षण काढून घेतलेलं आहे.

सरकारी कंपनीची वसाहत असेल तर १९७१चा सार्वजनिक जागांचा कायदा लागतो. तिथे निर्णय देणारा असतो इस्टेट ऑफिसर, आणि तो बहुतेक वेळा त्याच कंपनीचा अधिकारी असतो. म्हणजे नोटीस कंपनीची, सुनावणी कंपनीच्या अधिकाऱ्यापुढे, आणि हुकूमही त्याचाच. जिल्हा न्यायाधीशाकडे अपील आहे, मुदत बारा दिवसांची. २०१९च्या दुरुस्तीने वाटप केलेल्या निवासस्थानांसाठी आणखी जवळचा रस्ता काढला, कारणे दाखवा नोटिशीला उत्तर द्यायला तीन कामाचे दिवस. बंगला न सोडणाऱ्या दिल्लीतल्या बड्या मंडळींसाठी हे केलं असं तेव्हा सांगितलं गेलं. असेलही. पण कायद्याच्या मजकुरात बंगला आणि दोन खोल्यांचं क्वार्टर असा फरक नाही.

आता मुख्य मजकुराकडे येऊ. कंपनी कायद्याचं कलम ४५२. जुन्या १९५६च्या कायद्यात हे कलम ६३० होतं. कंपनीच्या एखाद्या अधिकाऱ्याने किंवा कर्मचाऱ्याने कंपनीची मालमत्ता, 'रोख रकमेसह', गैरमार्गाने मिळवली किंवा गैररीत्या अडवून ठेवली, तर एक लाख ते पाच लाख रुपये दंड. न्यायालय मुदत घालून मालमत्ता परत करायला सांगू शकतं, न केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद. 'रोख रकमेसह' हे शब्द बघा. हे कलम घरासाठी लिहिलेलं नाही. गल्ल्यातली रक्कम, गाडी, कागदपत्रं घेऊन पसार होणारा माणूस डोळ्यांपुढे ठेवून लिहिलंय. त्या गल्ल्याच्या रांगेत घर जाऊन बसलं. आणि घर गल्ल्यासारखं नसतं. घरात आजारी आई असते, दहावीतली पोरगी असते.

या कलमात शब्द आहे 'कर्मचारी'. मग नोकरी गेलेला माणूस कर्मचारी कसा? चांगला प्रश्न होता. पण १९८७ साली शिपिंग कॉर्पोरेशनच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की यात माजी कर्मचारीही येतो. १९९५ साली कॉक्स अँड किंग्जच्या प्रकरणात कायदेशीर वारसही आले. २००३ साली बॉम्बे गॅसच्या प्रकरणात त्याच्याबरोबर राहणारे घरचे लोकही आले. ही वाट बघा कशी रुंदावत गेली. ज्या बाईने त्या कंपनीत एक दिवस काम केलं नाही, जिचं नाव हजेरीपटावर नव्हतं, तीही या कलमापुरती कंपनीच्या 'कर्मचाऱ्या'च्या जागी उभी. पगार मागायला गेली असती तर तुम्ही कोण म्हणून विचारलं असतं.

हा अर्थ न्यायालयांनी का लावला, तेही सांगायला हवं. नाहीतर आमचं बोलणं एकतर्फी होईल. कंपनीची घरं मोजकी असतात. एक निवृत्त माणूस घर अडवून बसला की आज नोकरीत असलेला, रोज लोकलला लोंबकळत येणारा दुसरा माणूस रांगेत थांबतो. मुंबईसारख्या शहरात हे सर्रास व्हायचं. मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले लोक स्वतःचा फ्लॅट भाड्याने देऊन कंपनीच्या फ्लॅटमध्ये वर्षानुवर्षं राहायचे आणि दिवाणी दावा रेंगाळत ठेवायचे. ते थांबवायला झटपट उपाय हवा होता. हे म्हणणं खरं आहे, आणि त्याला आमच्याकडे उत्तर नाही, जोपर्यंत कंपनी चालू आहे आणि रांगेत कोणीतरी उभं आहे तोपर्यंत.

पण बंद कारखान्याच्या वसाहतीत रांगेत कोण उभं असतं? कोणीच नाही. तिथे घर पुढच्या कामगारासाठी नको असतं, जमीन मोकळी करायला हवं असतं. कलम मात्र तेच लागतं. रांगेतल्या माणसासाठी केलेला युक्तिवाद रांग नसतानाही चालवायचा, ही आमची पहिली तक्रार.

दुसरी तक्रार मोठी आहे, आणि आजच्या व्याख्यानाचं नाव तिच्यावरूनच ठेवलंय.

ओएनजीसीची वसाहत आपल्या पनवेललाही आहे, त्यामुळे हे नाव इथे कोणाला परकं नाही. त्या कंपनीचे एक अधिकारी १९९० साली निवृत्त झाले, दिलेल्या मुदतीपलीकडे क्वार्टरमध्ये राहिले, आणि कंपनीने दंडासहितचं भाडं त्यांच्या ग्रॅच्युइटीतून कापून घेतलं. मुंबई उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली तो फिरवला. ओएनजीसी विरुद्ध वॉरियर म्हणून हा निकाल ओळखला जातो. त्याचा आधार होता ओएनजीसीचे १९६९चे विनियम. कंपनीची येणी कर्मचाऱ्याच्या संमतीविनाही ग्रॅच्युइटीतून वसूल करता येतील, असं त्यांत लिहिलेलं होतं. म्हणजे निकाल एका विशिष्ट नियमावर उभा होता. पुढे मात्र त्याचा दाखला सरसकट दिला जाऊ लागला.

२०१७ साली बोकारो पोलाद कारखान्याच्या एका निवृत्ताच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेच वेगळा आदेश दिला, दंडाचं नको, नेहमीचं भाडं कापा आणि ग्रॅच्युइटी द्या. निवृत्तांना वाटलं, चला, सुटलो. डिसेंबर २०२० मध्ये स्टील अथॉरिटीच्या दुसऱ्या प्रकरणात न्यायालय म्हणालं, तो आदेश त्या प्रकरणापुरता होता, त्यातून कायदा ठरत नाही. मुदतीपलीकडे राहिलात तर दंडाचं भाडं हा त्याचा स्वाभाविक परिणाम, आणि ते ग्रॅच्युइटीतून वळतं करता येईल.

आता गंमत बघा. गंमत म्हणणं बरोबर नाही, पण बघा. १९७२च्या ग्रॅच्युइटी कायद्यात तेरावं कलम होतं. त्यानुसार कोणत्याही न्यायालयाच्या हुकूमनाम्याने ग्रॅच्युइटीवर जप्ती आणता येत नव्हती. सावकार दावा जिंकला तरी त्याला या रकमेला हात लावता येत नाही. म्हातारपणीची पुंजी म्हणून कायद्याने तिच्याभोवती कुंपण घातलंय. त्या कुंपणाचं फाटक फक्त मालकासाठी उघडलं, आणि तेही घराच्या निमित्ताने.

बरं, घर आणि ग्रॅच्युइटी जर अशी जोडलेलीच असतील, तर कामगाराने उलट म्हणावं, "माझी ग्रॅच्युइटी द्या, मग किल्ली देतो." चालतं? नाही चालत. या बचावाला न्यायालयांनी सहसा दाद दिलेली नाही. घराचा ताबा हा एक विषय, थकलेली देणी हा दुसरा, देण्यांसाठी वेगळा दावा करा, त्याचं वेगळं प्राधिकरण आहे, असं सांगितलं जातं. कंपनीला कामगाराकडून काही घ्यायचं असेल तेव्हा दोन्ही कागद एकाच फाईलीत. कामगाराला कंपनीकडून घ्यायचं असेल तेव्हा फायली दोन, टेबलं दोन, इमारती दोन. हे कुठल्या एका न्यायाधीशाने ठरवून केलेलं नाही. प्रत्येक निकाल त्याच्या जागी वाचला तर पटेलही. पण सगळे एकापाठोपाठ वाचले की दिसतं, दोरी एकाच बाजूने ओढता येते.

कायदा करणाऱ्यांनाही हे कुठेतरी टोचलं असावं. कारण २०२०च्या दुरुस्तीने कलम ४५२ला एक परंतुक जोडलं गेलं. कंपनीने भविष्य निर्वाह निधी, पेन्शन निधी, ग्रॅच्युइटी निधी किंवा कल्याणासाठी ठेवलेल्या दुसऱ्या निधीतली रक्कम, किंवा अपघाताने मृत्यू-अपंगत्व आल्याची १९२३च्या कायद्याखालची भरपाई दिलेली नसेल, आणि न्यायालयाची तशी खात्री पटली, तर राहतं घर न सोडल्याबद्दल कैद देता येणार नाही. आम्ही हे परंतुक पहिल्यांदा वाचलं तेव्हा आनंद झाला. दोन फायली एकत्र बांधल्या गेल्या, तेही संसदेत!

मग दुसऱ्यांदा वाचलं. कैद नाही, पण दंड आहेच, एक लाखाच्या खाली नाही असा. घर परत करायचा आदेशही आहेच. आणि यादीत काय नाही बघा. पगार नाही. महिनोन् महिने थकलेला साधा पगार या यादीत नाही. कारखाना बुडायला लागतो तेव्हा सगळ्यात आधी काय थांबतं? पगार. म्हणजे सहा महिने पगार न मिळालेल्या आणि त्यामुळेच दुसरीकडे घराची अनामत भरू न शकणाऱ्या माणसाला हे परंतुक उपयोगाचं नाही. पनवेलमध्ये आज साधं वन-आरके घ्यायचं तरी घरमालक आगाऊ रक्कम मागतो, एजंटची दलाली वेगळी. ते पैसे त्या माणसाने कुठून आणायचे, तर कंपनीकडे अडकलेल्या देण्यांमधून. आणि देणी कधी मिळणार? घर सोडल्यावर.

आता रसायनीच्या त्या वाक्याकडे परत येऊ. सरकारच्या आराखड्यात काय होतं? जमीन विकायची आणि त्या पैशातून देणी भागवायची, थकलेल्या पगारांसकट. इथे सरकारने स्वतःच दोन फायली एक केल्या. जमीन आणि पगार एकाच हिशेबात मांडले, जमेच्या बाजूला जमीन, खर्चाच्या बाजूला पगार. मग कामगाराने तेच म्हटलं तर ते बेकायदा कसं? एचओसीत कोणावर काय अन्याय झाला याचा निवाडा आम्ही इथे करत नाही. आम्हाला एवढंच दाखवायचंय की घर आणि देणी यांचा संबंध नाही हे म्हणणं खुद्द सरकारच्या ताळेबंदात टिकत नाही.

कल्याणजवळच्या मोहोन्याला हाच प्रश्न फार कडवट झाला. एनआरसी कंपनी २००९ साली बंद पडली. थकलेल्या देण्यांसाठीचा लढा दहा वर्षांहून जास्त चालला, आणि या सगळ्या काळात कामगारांच्या हातात दाखवायला एकच गोष्ट होती, कॉलनीतली ती खोली. ती सोडली तर आपल्याला कोण विचारणार, ही भीती. कायद्याच्या भाषेत हा 'अनधिकृत भोगवटा'. आम्हाला विचाराल तर तो बिनकागदाचा गहाणवटा होता.

कालिन्याच्या एअर इंडिया वसाहतीत तर नोकरी संपलेलीही नव्हती. जानेवारी २०२२ मध्ये मालक बदलला, वसाहतीची जमीन विमानतळाची होती, आणि नोकरीत असलेल्यांनाच घर सोडायला सांगितलं गेलं. त्याच वर्षी उच्च न्यायालयातही त्यांना दिलासा मिळाला नाही.

याउलट वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्गावरच्या बीडीडी चाळी. तिथे राहणाऱ्या पोलीस कुटुंबांना, निवृत्त झालेल्यांनाही, पुनर्विकासात मालकीचं घर द्यायचं राज्य सरकारने ठरवलं. किंमत आधी पन्नास लाख सांगितली होती, ती खाली येत येत २०२२ मध्ये पंधरा लाखांवर आली. म्हणजे नोकरीतून मिळालेल्या घरात पिढी काढली की काहीतरी तयार होतं, हे शासनाला कळतं. पण ते शासन निर्णयात आलं, कायद्यात आलं नाही. ज्यांचा आवाज पोचला त्यांना मिळालं. पोलिसांना मिळालं याचं आम्हाला वाईट वाटत नाही, गिरणीच्या किंवा रसायनाच्या कामगाराला तसं का नाही, एवढंच.

दुसरीकडे कुठे हे नीट केलंय का, असं गेल्या वेळी एका ताईंनी विचारलं होतं. इंग्लंडात शेतमजुरांना मालक शेतावरचं घर द्यायचा, काम सुटलं की घर सुटायचं. १९७६ साली तिथे वेगळा कायदा झाला. पात्र शेतमजुराला नोकरीनंतरही घरात राहायचं संरक्षण मिळालं. मालकाला नव्या मजुरासाठी ते घर खरंच हवं असेल तर त्याने स्थानिक प्रशासनाकडे अर्ज करायचा, आणि गरज पटली तर प्रशासनाने जुन्या मजुराची दुसरीकडे सोय बघायची. म्हणजे रांगेतल्या माणसाचाही विचार झाला, उठवल्या जाणाऱ्याचाही. दोघांना एकमेकांवर सोडलं नाही.

आमची मागणी याहून खूप लहान आहे. कलम ४५२च्या परंतुकात पगार हा शब्द घाला. आणि कैद देता येणार नाही याऐवजी असं म्हणा की थकलेली रक्कम खात्यात जमा झाल्याच्या तारखेपासून घर सोडायची मुदत मोजली जाईल, त्याआधी दंडाचं भाडं लागणार नाही. ज्याला पूर्ण पैसे मिळालेत आणि तरी जो बसून राहतो, त्याला खुशाल जुना कायदा लावा.

पण ही मागणी मान्य झाली तरी पनवेलमधले बरेच लोक तिच्या बाहेरच राहतील, हे प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे. कर्नाळ्याच्या पुढे, नेऱ्याच्या बाजूला फार्महाऊस आहेत. तिथे मागच्या कोपऱ्यात पत्र्याची एक खोली असते, तिच्यात राखणदाराचं कुटुंब राहतं. बऱ्याचदा कातकरी, कधी विदर्भातून, कधी नेपाळहून आलेलं. नवरा राखण करतो, बायको साफसफाई करते. तिला वेगळा पगार नसतो, कारण 'राहायला जागा दिलीय ना'. इथे वाटपाचं पत्र नाही, लायसन्स फी नाही, ग्रॅच्युइटी नाही. कंपनी नाही म्हणून कलम ४५२ही नाही.

त्यांच्यासाठी न्यायालयाचं एक वाक्य आहे. २०१२ साली गोव्याच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की राखणदार, पहारेकरी किंवा नोकर कितीही वर्षं राहिला तरी त्या जागेत त्याचा हक्क निर्माण होत नाही. तेव्हापासून ठिकठिकाणी ते वाक्य पुढे केलं जातं. मूळ खटला कोणाचा होता? बहीण आणि भावाचा. घर बहिणीचं, राहत होता भाऊ, आणि वाद होता तो सांभाळायला राहिला की आणखी कशासाठी. भाऊ कोणी पगारी पहारेकरी नव्हता, खासदार राहिलेला माणूस होता. प्रतिष्ठित घराण्यातल्या भांडणात लिहिलेलं वाक्य पत्र्याच्या खोलीतल्या माणसाला लागू झालं, आणि त्या खटल्यात त्याच्यातर्फे बोलायला कोणीच नव्हतं.

मालकी द्या असं तो राखणदार म्हणतही नाही. आम्ही अशा काही जणांशी बोललो. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की महिना-दोन महिने आधी सांगावं, आणि शाळेच्या मध्येच काढू नये. एकाने आधार कार्ड दाखवलं. त्यावर पत्ता फार्महाऊसचा होता, मालकाच्या दिवंगत वडिलांच्या नावाने असलेल्या बंगल्याचा. काम सोडून त्याला तेव्हा चार महिने झाले होते. रेशन दुकानदार विचारत होता, नवीन पत्ता काय लिहू?